नळाची जाडी कोण ठरवितो?

‘मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी उद्या पाणीपुरवठा बंद राहील, परवा सकाळी तो कमी दाबाने होईल, नागरिकांनी सहकार्य करावे.’ या मजकुराची निवेदने आम्ही या पत्रात इतक्या वेळा छापली आहेत की, आमच्या उपसंपादकांना ती पाठ झाली आहेत. विभागाचे नाव आणि वार तेवढा बदलावा लागतो. निवेदन निघाले की घरोघरी पिंपे, कळश्या, बादल्या भरून ठेवण्याची धांदल उडते, टँकरवाल्यांचे दूरध्वनी खणखणू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उसळलेल्या कारंज्याचे छायाचित्र आमच्याच अंकात झळकते. त्यानंतर विचारले जाणारे प्रश्नही ठरलेले असतात. पाणी केव्हा येणार? खड्डा केव्हा बुजविणार? किती लाख लिटर पाणी वाया गेले? हे प्रश्न रास्त आहेत. परंतु इतक्या वर्षांत एकाही सभेत, वाचकांच्या एकाही पत्रात, आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर आमच्या एकाही अग्रलेखात, जो प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा होता तो विचारला गेलेला नाही. जेथे नळ फुटला तेथे त्याच्या भिंतीची जाडी किती होती, ती किती असावयास हवी होती, आणि ती कोणी व कोणत्या आकडेमोडीवरून ठरविली होती?

आम्ही पडलो कला शाखेचे. या खुर्चीत बसण्यापूर्वी काही वर्षे शाळेत मराठी शिकविले. त्या काळी वर्गाला ‘फुटक्या नळाचे मनोगत’ हा निबंधाचा विषय आम्ही एकदा दिला होता. चाळीस मुलांनी चाळीस प्रकारे पाण्याच्या नासाडीबद्दल अश्रू ढाळले. एकाने मात्र लिहिले, ‘मी पातळ होतो म्हणून स्वस्त होतो, आणि स्वस्त होतो म्हणून माझी निवड झाली.’ आम्ही त्याला शैलीबद्दल दोन गुण कमी दिले. आज तो निबंध पुन्हा तपासावयास मिळाला, तर ते दोन गुण आम्ही व्याजासह परत करू. तथापि त्याच्याही म्हणण्यात एक अपुरेपणा होता, आणि तो दूर करण्यासाठी अभियंत्यांच्या आकडेमोडीत थोडे शिरावे लागते. वाचकांनी घाबरण्याचे कारण नाही. सातवीच्या त्रैराशिकापलीकडचे गणित आम्हांलाही येत नाही.

घरातल्या नळापासूनच आरंभ करू. बांधकाम चालू असताना प्लंबर आणतो त्या जस्ताच्या मुलाम्याच्या नळ्यांवर पिवळा, निळा किंवा तांबडा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, तांबडा जड. दुकानात यांनाच ए, बी आणि सी क्लास म्हणतात. अर्ध्या इंची नळीत, भारतीय मानकाप्रमाणे, हलकीची भिंत २ मिलिमीटर, मध्यमची सुमारे २.६ आणि जडची सुमारे ३.२ मिलिमीटर असते. तिन्हींचा बाहेरचा व्यास मात्र एकच, सुमारे २१.३ मिलिमीटर, कारण तिन्हींवर एकच आटे पाडावयाचे आणि एकच सांधे बसवावयाचे असतात. अर्थात जी जाडी वाढते ती आतून वाढते. हलक्या नळीचे आतले तोंड सुमारे १७.३ मिलिमीटर, तर जडचे १४.९. म्हणजे तांबड्या पट्ट्याची नळी घेणाऱ्याने मजबुतीबरोबर पाण्याच्या वाटेचा जवळजवळ चौथा हिस्सा गमावलेला असतो. ‘जाड ते चांगले’ हे आपल्याकडील गृहस्थाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सूत्र येथेच लंगडे पडते. नळ योग्य जाडीचा असावा लागतो, आणि ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ आकड्यात सांगता आला पाहिजे.

तो आकडा काढण्याचे मूळ सूत्र इंग्लंडमधील पीटर बार्लो या गणिताच्या शिक्षकाच्या नावाने ओळखले जाते. हे गृहस्थ १८६२ साली वारले. म्हणजे सूत्राला दीडशे वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत. त्याचा आशय असा की, आतले पाणी नळाच्या भिंतीला चहूकडून बाहेर ढकलते, आणि बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव आवळून धरते, तशी भिंत त्या पाण्याला आवळून धरते. दाब जितका अधिक आणि व्यास जितका मोठा, तितका या धावेवरचा ताण अधिक. म्हणून पाण्याचा दाब व्यासाने गुणावा, आणि धातूला निर्धोकपणे सोसेल अशा ताणाच्या दुपटीने भागावे. उत्तर म्हणजे जाडी. नळाच्या लांबीच्या दिशेला पडणारा ताण याच्या निम्माच असतो, म्हणून केवळ दाबाने फुटलेला नळ सहसा आडवा तुटत नाही, तो उभा फाटतो.

आता १२०० मिलिमीटर, म्हणजे १२० सेंटिमीटर व्यासाची एक पोलादी जलवाहिनी उदाहरणादाखल घेऊ. तीत दर चौरस सेंटिमीटरला १० किलोचा दाब आहे, म्हणजे शंभर मीटर उंच टाकीच्या पायथ्याशी असतो तितका. नेहमीच्या पोलादाला निर्धोक ताण दर चौरस सेंटिमीटरला १४०० किलो धरू. दहा गुणिले एकशेवीस म्हणजे बाराशे. त्यास अठ्ठावीसशेने भागले की उत्तर आले ०.४३ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरांहून किंचित अधिक. वेल्डिंगच्या जोडाच्या दर्जासाठी थोडी भर घातली तरी आपण पाचच्या आसपासच राहतो. ज्यातून माणूस वाकून चालत जाईल अशा नळाला, शंभर मीटर पाण्याचा भार सोसण्यासाठी, शाळेच्या पाटीच्या चौकटीपेक्षाही पातळ पत्रा पुरतो! हे उत्तर प्रथम पाहिले तेव्हा आम्ही गणित दोनदा तपासले. ते बरोबर आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी धोका आहे. कारण हिशेब येथेच संपला असे ज्याला दाखवावयाचे असेल, त्याच्या हाती सूत्र आहे, मानकाचा आधार आहे, आणि स्वस्त अंदाजपत्रकही आहे.

हिशेब येथे संपत नाही, कारण वाहिनीतले पाणी नेहमी शहाण्यासारखे वागत नाही. नाशिकरोडचे पाणी बराच काळ दारणेवरील चेहेडीच्या बंधाऱ्यातून उपसून आलेले आहे. वालदेवीतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे तो उपसा वेळोवेळी थांबवावा लागतो, आणि मग गंगापूरच्या पाण्यावर भार पडतो. दोन्हीकडे पंप आले, आणि पंप आले तेथे वीज आली. वीज अचानक गेली की पंप थांबतात. पण किलोमीटरच्या किलोमीटर लांबीचे, कित्येक हजार टन वजनाचे पाणी ‘थांब’ म्हणताच थांबत नाही. ते काही अंतर पुढे जाते, मागे पोकळी सोडते, आणि मग उलटून आदळते. यालाच अभियंते जलाघात म्हणतात. निकोलाय झुकॉव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचे गणित १८९८ साली मांडले. पोलादी नळात हा धक्का दर सेकंदाला सुमारे एक हजार मीटर वेगाने धावतो, आणि पाण्याचा वेग सेकंदाला केवळ एक मीटरने जरी एकाएकी खुंटला, तरी दाबात सुमारे १० किलोची भर पडते. म्हणजे आपण वर जो शंभर मीटरचा दाब धरला, तो एका क्षणात दुप्पट! क्षणिक धक्क्यासाठी धातूवर थोडा अधिक ताण चालवून घेतात हे खरे. परंतु किती धक्का येईल हे आधी मोजावे लागते, आणि तो कमी करणाऱ्या झडपा व हवेच्या टाक्या चालू राहतील असे गृहीत धरावे लागते. जाडीचा आकडा अशा गृहीतांवर उभा असतो. झडप गंजून बसली, तर कागदावरची जाडी तीच राहते आणि नळ मात्र पातळ ठरतो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. नळ भरल्याने फुटतो हे लहान मुलासही समजते; पण मोठ्या व्यासाचा नळ रिकामा झाल्यानेही मरतो. वाहिनीच्या उंचवट्यावर पाणी दोन्ही बाजूंना उतरून गेले आणि आत हवा शिरली नाही, तर तेथे निर्वात पोकळी होते. मग आपल्या डोक्यावरची हवा, जिचे वजन एरवी आपल्या गावीही नसते, ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जोराने नळाला बाहेरून दाबते, आणि नळ पिचकलेल्या डब्यासारखा आत बसतो. या प्रकारात जाडीचा नियम अगदी निराळा आहे. आतल्या दाबाविरुद्ध जाडी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते. बाहेरच्या दाबाविरुद्ध जाडी दुप्पट केली तर बळ आठपट होते. उलट जाडी निम्मी केली, तर बळाचा आठवा हिस्साच उरतो. आपल्या उदाहरणातला पाच मिलिमीटरचा उघडा पोलादी नळ हवेच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यालाच हार खातो. तोच आठ मिलिमीटरचा केला तर पूर्ण पोकळी सोसूनही थोडे बळ शिल्लक राहते. भोवतालची नीट ठोकलेली माती आणि आतला सिमेंटचा थर यांचा आधार मिळतो, म्हणून प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. परंतु तीन मिलिमीटरांनी काय होते, असे जे म्हणतात, त्यांना हे एवढे उत्तर पुरे व्हावे.

आपल्या पूर्वजांना हे सूत्रात माहीत नव्हते, पण अनुभवाने माहीत होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणविले, तेव्हा त्या नहरावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधण्यात आले. किती नेमका शब्द! पाण्याच्या वाटेलाही श्वास घ्यावा लागतो, हे त्या कारागिरांनी जाणले होते. त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी मलिक अंबराने आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणलेल्या नहरीत खापरी नळ वापरले गेले. खापराने दाब सोसवत नाही, म्हणून पाणी दाबाखाली कोंडावयाचे नाही, त्याला उतारावरून चालवीत न्यावयाचे, ही त्या योजनांची युक्ती. आपण पंपाने पाणी कोंडतो, म्हणून आपल्याला पोलाद लागते. आणि उच्छ्वासाच्या जागी आपण हवेच्या झडपा बसवितो. त्या झडपा रस्त्याच्या डांबराखाली गाडल्या गेल्या, किंवा त्यांचे पितळ कोणी भंगारात विकले, म्हणजे काय होते हे वरच्या परिच्छेदात आलेच आहे.

मग गंज. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाला आणि द्राक्षाला मानवली तरी नळाला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ओल धरून ठेवते, आणि लेप जेथे खरवडला गेला असेल नेमक्या तेथे पोलादाला कुरतडते. झिजेसाठी म्हणून हिशेबात एकदोन मिलिमीटर अधिक धरण्याची पद्धत आहे. परंतु गंज काही सर्व अंगभर सारखा पसरत नाही. तो एका ठिपक्यात घुसतो आणि आरपार जातो. म्हणून नुसती जाडी वाढवून गंज हरत नाही. बाहेरचा लेप, आतला थर आणि जेथे जरूर असेल तेथे विजेच्या सूक्ष्म प्रवाहाचे संरक्षण, हे सर्व मिळून जाडीचे आयुष्य ठरते. दुसरी एक बारीक गोष्ट निविदेच्या पोटात दडलेली असते. कारखान्यात पत्रा कधीही अगदी नेमक्या जाडीचा निघत नाही, म्हणून ठराविक प्रमाणात कमी भरण्याची सूट त्यास दिलेली असते. ती सूट दहा टक्के असेल, तर आठ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला नळ ७.२ मिलिमीटरचा निघाला तरी तो कायदेशीरच. हिशेबात ही सूट धरलेली आहे की नाही, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. बाहेरच्या दाबाविरुद्धचे बळ तेवढ्याने चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घटते, हे कळल्यावर तो तसा वाटत नाही.

आणखी एक. सबंध वाहिनीला एकच जाडी लावणे हे सोयीचे असते, शहाणपणाचे असतेच असे नाही. मुंबईहून पुण्यास जाताना खंडाळ्याच्या परिसरातून खोपोलीकडे उतरणारे टाटांच्या जलविद्युत केंद्राचे अजस्र नळ दिसतात. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले, आणि तेथे पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरते. अशा नळांची भिंत माथ्याशी पातळ आणि पायथ्याशी जाड ठेवीत नेतात, कारण दाब पावलोपावली वाढत जातो. आपल्या जमिनीतही चढउतार आहेतच. नाल्याच्या तळाशी नळाला आतला दाब अधिक, टेकाडावर पोकळीचे भय अधिक, रेल्वेखाली आणि महामार्गाखाली वरचा भार अधिक. या चारही जागी एकच आकडा लिहिणाऱ्याने एक तर कोठे तरी पैसा पुरून ठेवला आहे, किंवा कोठे तरी धोका पुरून ठेवला आहे.

पोलादाखेरीज इतर नळांची कथा थोडक्यात सांगतो. गल्लीबोळांतून टाकावयाच्या लवचिक बिडाच्या नळांना के-७, के-९ अशा श्रेणी असतात, आणि त्यांची जाडी काढण्याचे सूत्र तोंडी करण्याजोगे आहे : व्यासाच्या मीटरमधील आकड्यात अर्धा मिळवावा आणि श्रेणीच्या अंकाने गुणावे. तीनशे मिलिमीटरच्या नळाला ०.३ अधिक ०.५ म्हणजे ०.८, के-९ असेल तर जाडी ७.२ मिलिमीटर, के-७ असेल तर ५.६. दोन्ही श्रेणी आपापल्या जागी योग्य आहेत. कागदावर नऊ आणि खंदकात सात, हा मात्र तिसराच प्रकार होय. ताण दिलेल्या तारांच्या सिमेंट नळांत भिंतीची जाडी दिसते भरभक्कम, पण खरे बळ आतल्या तारांत असते. तारा गंजल्या की बाहेरून काही न दिसता नळ एके दिवशी धडकन उघडतो. गंगापूर धरणापासून शहराकडे येणाऱ्या जुन्या सिमेंटच्या वाहिन्यांच्या जागी मोठ्या व्यासाची पोलादी वाहिनी घालण्याची योजना अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आली, ती आमच्या मते योग्य दिशेची आहे. पण पोलाद म्हटले की जाडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

आता पैशाचे पाहू. कारण मध्यमवर्गीय वाचक अखेर कर भरतो, आणि त्याने ते पाहिलेच पाहिजे. १२०० मिलिमीटर व्यासाच्या नळाची जाडी एका मिलिमीटरने वाढविली, की दर किलोमीटरला सुमारे ३० टन पोलाद अधिक लागते. छत्रपती संभाजीनगरसाठी जायकवाडीपासून २५०० मिलिमीटर व्यासाची, सुमारे ३९ किलोमीटर लांबीची वाहिनी आखली गेली. तेवढ्या पसाऱ्यात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २४०० टन पोलाद. टनाला सत्तर हजार रुपये असा भाव नुसता कल्पनेने धरला, तरी हा एक मिलिमीटर सतरा कोटींच्या घरात जातो. ज्या शहराने सातशे आणि चौदाशे मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या फुटताना वर्षानुवर्षे सोसले, त्याला हा खर्च परवडावा असे कोणी म्हणेल. आम्ही मात्र एवढेच म्हणतो की, ज्या एका मिलिमीटरवर कोट्यवधी रुपये तोलले जातात, तो मिलिमीटर वाढविण्यात जसा कोणाचा तरी लाभ असू शकतो, तसा कमी करण्यातही असू शकतो. जाडी अकारण वाढली तर करदाता आज लुटला जातो. अकारण घटली तर त्याचा मुलगा वीस वर्षांनी लुटला जातो, आणि शिवाय तहानेला राहतो. या दोन्ही लुटींवर एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे हिशेब उघड्यावर मांडणे.

सध्या उघड्यावर काय येते? योजना मंजूर झाली की व्यास छापून येतो, लांबी छापून येते, कोटींचा आकडा तर ठळक अक्षरांत छापून येतो. जाडी कोठेच नसते. यात वृत्तपत्रांचा दोष आहे, तो आम्ही आधी पदरात घेतो. नगरसेवकांचाही आहे. नळाच्या मार्गावरून आणि ठेकेदाराच्या नावावरून सभागृह डोक्यावर घेणारे सन्माननीय सदस्य जाडीवर अवाक्षर काढीत नाहीत. यावर अभियंते म्हणतील की, हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, सामान्य माणसाने यात डोके घालून गोंधळच होईल. या आक्षेपाची आम्ही थट्टा करू इच्छीत नाही. नाशिकचे बहुतेक अभियंते आपले काम जाणतात, आणि अर्धवट ज्ञानाने त्यांच्या मागे लागणाऱ्यांचा उपद्रव आम्ही शाळेत पालकसभांतून पुरेसा पाहिला आहे. परंतु वैद्याने काढ्याचे प्रमाण रोग्याला विचारून ठरवावे असे कोणी म्हणत नाही. ते प्रमाण कागदावर लिहून द्यावे एवढेच म्हणतो, म्हणजे दुसऱ्या वैद्याला ते तपासता येते. प्रामाणिक अभियंत्याला या कागदाचे भय नसते. किंबहुना वरून ‘जरा कमी करा’ असा निरोप आला असता, तोच कागद त्याची ढाल होतो.

शिवाय तपासणाऱ्या वैद्यांची या गावात वाण नाही. १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘मेरी’, येथे उभी आहे. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना शिक्षण देणारी जीवन प्राधिकरणाची ‘मित्रा’ ही प्रबोधिनीही नाशिकातच आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून अभियंते नळाचे गणित शिकावयास आपल्या दाराशी येतात, आणि आपण आपल्या दारातल्या नळाची जाडी विचारीत नाही!

म्हणून आमची मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात पाण्याची व मलनिःसारणाची जी कामे निघाली आहेत, त्यांपासूनच आरंभ व्हावा. प्रत्येक मुख्य जलवाहिनीसाठी महापालिकेने मराठीत एक पानी टिपण प्रसिद्ध करावे. नळ कोणत्या धातूचा व कोणत्या मानकाचा, निरनिराळ्या टप्प्यांत दाब किती धरला, जलाघात किती धरला आणि तो आवरण्यासाठी कोणती साधने गृहीत धरली, पोकळीचा विचार केला की नाही, झिजेसाठी आणि कारखान्याच्या सुटीसाठी किती सोडले, आणि या सर्वांती जाडी किती ठरली, एवढे त्यात असावे. पुढे माल आल्यावर ध्वनिलहरींच्या जाडीमापकाने घेतलेली मापे त्याच पानाला जोडावीत. हे उपकरण हातात मावते आणि एका माणसाला एका सकाळीत पुष्कळ नळ तपासता येतात. तेव्हा मनुष्यबळाची सबब आम्ही ऐकणार नाही. हवेच्या झडपा कोठे कोठे आहेत याचा नकाशा जोडता आला तर फारच उत्तम. नाशिकरोड-देवळाली नगरपालिका १९८२ साली महापालिकेत विलीन झाली. त्यापूर्वी व त्यानंतर या भागात पुरलेल्या नळांच्या जाडीची नोंदवही एकत्र ठेवलेली असल्यास ती आम्ही अद्याप पाहिलेली नाही. ती असेल तर दाखवावी, नसेल तर प्रत्येक दुरुस्तीच्या खड्ड्यात उघड्या पडणाऱ्या नळाचे माप घेऊन ती आजपासून भरावयास घ्यावी. दुरुस्तीचे खड्डे आपल्याकडे कमी पडणार नाहीत.

आणि महापालिका हे करीपर्यंत वाचकांनी स्वस्थ बसावे असे नाही. वाहिनीचे काम निघाले की नळ काही दिवस रस्त्याच्या कडेला रांगेने पडून असतात, मुले त्यांत लपंडाव खेळतात, हे सर्वांनी पाहिले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा व्हर्नियर कॅलिपर घेऊन एखाद्या शिक्षकाने आपले विद्यार्थी तेथे न्यावेत. नळाचे तोंड वेल्डिंगसाठी तिरपे तासलेले असते, म्हणून काठावर माप घेऊ नये, जरा आत घ्यावे. आतील सिमेंटचा थर जाडीत धरू नये. तो तोंडापासून थोडा मागे थांबविलेला असतो, तेवढ्या मोकळ्या जागेत नुसते पोलाद मोजता येते. नळावर रंगविलेला व्यासाचा व जाडीचा आकडा वाचावा, आपण घेतलेले माप त्याच्या शेजारी लिहावे, आणि जागेच्या नावासह आमच्याकडे धाडावे. आम्ही दोन्ही आकडे याच जागी, याच टाइपात छापू.